बकरीचा दोर

मुकुटबनकडच्या आमच्या कोलाम वस्तीवर शहरातून येणारा एक मास्तर दर रविवारी बायांना बुडणाऱ्याला वाचवायला शिकवतो. शेततळ्याचा प्लास्टिकचा काठ इतका निसरडा, की पोहणाऱ्यालाही चढता येत नाही. सरावात बुडणारा तो स्वतःच होतो. "उडी नको मारू माय, दोर फेक," हे तो थकल्या आवाजात मोडक्या कोलामीतही सांगतो. तरी एक म्हातारी दर वेळी उडी मारतेच. मला तर बघूनच कंटाळा येतो.

काठाला बांधलेला दोर पुढच्या रविवारी नसतो. "बकरी बांधली असन कोणी," म्हणत तो नवा बांधतो.

परवा दोर बांधायच्या आधीच तो खरोखर तळ्यात घसरला. म्हातारी धावली, काठावर थांबली, आणि बाभळीला बांधलेली बकरी सोडून तिचा दोर तिनं फेकला.

वर आल्यावर त्यानं दोर ओळखला. मग नवा दोर घेऊन आधी बकरी बांधायला गेला.