जहाजावरचा खुनी सापडला, पण सांगू कुणाला?

मंडळी, आज दुपारी मी एकटीने एक खून उलगडला! मोबाईलवरच्या डिटेक्टिव्ह गेममधला. जहाजावर एका व्यापाऱ्याचा खून होतो, केबिनला कुलूप आणि किल्ली मात्र आतच पडलेली.

हा गेम मी आणि ताई कडावच्या घरी एका पलंगावर लोळत खेळायचो. तिचं लग्न झालं, ती खालापूरला गेली आणि गेम तसाच राहिला.

आज घरात कुणी नव्हतं, म्हणून उघडला. एकदम लक्षात आलं, दार फोडून पहिला आत शिरला तो जहाजावरचा डॉक्टर, तोच खुनी! किल्ली त्यानेच तेव्हा आत टाकली. मी आनंदाने ओरडले. ऐकायला कुणीच नव्हतं.

लगेच ताईला फोन लावला. मागून तिला कुणीतरी हाका मारत होतं.

"ताई, तो जहाजाचा गेम..."

"माझ्याशिवाय पुढं नाय खेळायचं हां गं! मी आली की दोघी मिळून शोधू त्याला."

"कधी येशील?"

"बघते गं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी गेम पुसून पहिल्यापासून लावला. जहाज अजून बंदरात आहे, व्यापारी जिवंत आहे. ताई आली की मला काहीच माहीत नसल्यासारखं तोंड करायचंय.

जमेल का हो मला?