सात शाली, सात नारळ

तरुण पिढीला योग्य मार्गावर आणणं हे वडीलधाऱ्यांचं कर्तव्य असतं. मी ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी, गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या गेटपाशी, माईकवरून पार पाडलं.

सुरुवात माझ्या मुलीने केली होती. मधुरा तेव्हा अकरावीत. कॉलनीतली पोरं दहावी झाली की मोपेडसाठी उपोषणाला बसत. हिने मात्र सहाजणांना सायकलसाठी पटवलं होतं.

"बाबा, रविवारी आम्ही सायकलने धरणापर्यंत जाणार. जमलं तर रोज कॉलेजलाही सायकलच. तुम्ही फक्त वॉचमनकाकांना सहाला गेट उघडायला सांगा."

एवढंच मागणं! कुठल्याही शहाण्या बापाने गेट उघडलं असतं. मी मांडव घातला.

म्हणजे घालायला लावला, तो आमच्या अध्यक्षांनी, भामरेअण्णांनी. "काय सर, पोरं एवढं चांगलं काम करणार अन् तुम्ही नुसतं गेट उघडणार? सत्कार पाहिजे!"

"अण्णा, त्यांनी अजून काहीच केलेलं नाही."

"म्हणून तर! केल्यावर कोणीही करतं."

सत्कारांची मी जन्मभर टिंगल केली आहे. (स्वीकारताना नाही, घरी आल्यावर.) पण त्या स्वीकारलेल्या सत्कारांच्या शाली कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून होत्या, आणि बायको कित्येक वर्षं म्हणत होती, "त्यांचं एकदाचं काहीतरी करा हो!" मोजल्या. बरोबर सात! तत्त्वाचा असा सोयीने पराभव झाला.

सहाची फेरी साडेनऊला आली, कारण प्रमुख पाहुणे म्हणजे अण्णांचे मेहुणे, आणि त्यांची आंघोळ उशिरा असते. मग मी बोललो. शरीर, मन, राष्ट्र आणि सायकल यांचा संबंध उलगडला. राष्ट्रापर्यंत पोचेतो मधुराने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी एकेकाच्या खांद्यावर शाल चढली, हातात नारळ आला आणि सातहीजण सायकलींवर बसले.

"शाली काढू नका!" फोटोग्राफर ओरडला. "फोटोत सत्कार दिसला पाहिजे."

"बाबा, नारळ हातात आहे. ब्रेक कसा दाबू?"

"अगं, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे! नारळ जमिनीवर ठेवणं बरं दिसत नाही."

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललो. हे एवढंच पाठ आहे.

अण्णांनी झेंडा हलवला. आमच्या गेटाबाहेर चांगला उतार आहे. सर्वांत पुढे मधुरा. तिच्या शालीचं टोक मागच्या चाकात गेलं, शालीमागून ती गेली आणि तिच्यावर बाकीचे सहा, सत्काराच्याच क्रमाने! नारळ मात्र न अडखळता मुख्य रस्त्याला लागले. टाळ्या अजून चालूच होत्या.

एक रिक्षावाला थांबला. "काय काका, मिरवणूक हाय का?"

"सायकल फेरी."

"बरं, बरं. बसा लवकर. कोणता दवाखाना?"

मधुराचं मनगट मोडलं होतं. रिक्षात ती रडली नाही. तेलाने काळी झालेली शाल मांडीवर घेऊन बसली आणि एकदाच म्हणाली, "बाबा, मी फक्त गेट मागितलं होतं."

प्लास्टर निघालं, पण सायकल निघाली नाही. पावसाळा संपेपर्यंत मी दर रविवारी तिच्या सायकलमध्ये हवा भरून ती दाराशी उभी करायचो. "आज नको, बाबा," ती म्हणायची. चिडून नाही, समजूत घालावी तशी. बाकी सहाजणांच्या घरी एव्हाना मोपेड आल्या होत्या. दिवाळीत आमच्याकडेही आली. तिने मागितली नव्हती, मीच आणली.

आज आमच्या कॉलनीत नेमाने सायकल चालवणारा एकच माणूस उरला आहे, आमचा दूधवाला. त्याचा अजून कोणी सत्कार केलेला नाही.