नडगीवरचा खळगा

सिस्टरने माझ्या नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. "सलाइनचं पाणी साठलंय, काकू. आठवड्याभरात उतरेल," ती म्हणाली. पोटाचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. खाणं म्हणजे भाताची पेज, आणि वजन मात्र चार किलोंनी वाढलेलं.

त्याच दिवशी मला घरी सोडलं. संध्याकाळी नणंद शहाळी घेऊन भेटायला आली आणि माझे गाल बघून म्हणाली, "वहिनी, आराम मानवला हो तुम्हाला! चहाचं राहू द्या. बरं, अगदी अर्धा कपच करा." मी भिंतीला धरून उठले आणि आधण ठेवलं.

आपल्याकडे आजारी माणसाला आजारी दिसावंही लागतं. गाल बसले, डोळे खोल गेले, की लोक हळू आवाजात बोलतात, आपापली कपबशी विसळून ठेवतात. सुजलेल्या बाईचं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही. तिने सगळं आत धरून ठेवलेलं असतं, आणि बघणाऱ्यांना ते बाळसं वाटतं.

पुढे पाणी उतरलं, गालफडं दिसू लागली. नणंद पुन्हा आली आणि दारातच थबकली. "अगं बाई, केवढ्या खंगलात! उठू नका हं." चहा तिनेच केला. मग माझे पाय चेपत बसली. तिचा अंगठा नडगीवर रुतत होता, पण आता खळगा उमटत नव्हता. मला कुठे दुखतही नव्हतं.