गठाणीचं दुसरं टोक

कडूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेपाचच्या भोंग्याला तो बऱ्हाणपूरच्या कापसाच्या जिनात आकडा घेऊन उभा असे. दाबून बांधलेल्या कापसाची गठाण साडेचार मणांची. दोघांनी दोन टोकांना आकडे रुतवायचे आणि एका दमात उचलायची. एकानं सोडली की दुसऱ्याचा पाय गेला. वीस वर्षं दुसऱ्या टोकाला निंबाच होता.

छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर निंबाची बायको आशाबाई वारली. निंबा कामावर यायचा, पण बोलेना, जेवेना. भाषावार वाटणीत नवं राज्य झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, सगळा जिन त्यावरून भांडायचा. निंबा भिंतीकडे बघत बसायचा.

एक दिवस त्यानं मध्येच आकडा सोडला. गठाण कडूच्या पायावर आली, अंगठा चिरडला. कामचुकाराला जोडीदारानंच मारायचं, ही जिनातली रीत. कडूनं आकड्याच्या मुठीनं निंबाचं तोंड फोडलं. दोन दात पडले. निंबानं हातही वर केला नाही.

"थांबला कशाला?" तो रक्त थुंकत म्हणाला. "पुरं कर."

कडूनं आकडा खाली टाकला. कामचुकार माणूस असं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी निंबा आला नाही. कडू लंगडत त्याच्या घरी गेला. निंबाला खांबाला बांधलं होतं. धूलकोटकडचा एक भगत साखळीनं त्याची पाठ सोलत होता. मुलगा गोटू मिरच्यांची धुरी धरून उभा होता.

"कडूकाका, आई धरून बसलीय त्यांना," गोटू म्हणाला.

"तुझ्या आईनं जन्मात कुणाला धरलं नाही रे. दोर सोड."

भगतानं साखळी कडूवर उगारली. कडूनं त्याचं मनगट धरून पिळलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

कडूनं निंबाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मनाचा आजार सांगितला आणि इंदूरला पाठवलं. म्हणाले, "याला एकटं सोडू नका. उपचाराइतकीच सोबत लागते."

इंदूरला विजेचे झटके द्यायचे. भूल नसे, चौघांनी दाबून धरायचं. दातांत रबर, आणि निंबाचं अंग धनुकलीसारखं ताणलं जायचं. तीन आठवडे काम बुडवून कडू त्याच्या खांद्याशी राहिला. आठही झटक्यांच्या वेळी कडूनं डोळे मिटले नाहीत.

परतल्यावर कडू रोज पहाटे चारला निंबाच्या दारावर लाथ घालायचा.

"ऊठ, म्हाताऱ्या. चल."

पंधरा दिवस निंबा त्याच्याबरोबर जिनापर्यंत मुकाट चालला. मग एकदा म्हणाला, "लाथ जरा कमी मार. दार माझं आहे."

त्या हंगामाच्या मजुरीतून कडू आपल्या घरावर पत्रे घालणार होता. ती सगळी आठ झटक्यांत, इंदूरच्या तिकिटांत आणि निंबाच्या दोन खोट्या दातांत गेली.