बसलं की रडतं

बस स्टॉपवर बाक रिकामा असला तरी त्या बसायच्या नाहीत. या पायावरून त्या पायावर हलकेच डुलत उभ्या राहायच्या. "बसा ना," म्हटलं की पाठीमागे बोट दाखवून हसायच्या. "बसलं की रडतं."

पाठीवर काहीच नसायचं. मला वाटायचं, जपानी विनोद असेल.

लंडनमध्ये ईलिंगला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. इंग्रज नवरा कधीच गेलेला, मुलगी स्कॉटलंडला. आम्ही नवरा-बायको त्यांना आजी म्हणायचो. त्यांच्या लेखी मी 'मिस्टर पुणे'. कचऱ्याची चुकीची बिन बाहेर काढली की कुंपणावरून ओरडायच्या, "मिस्टर पुणे, आज रिसायकलिंग नाही!"

एकदा चहाला आल्या, तेव्हाही कप घेऊन उभ्याच. बायको म्हणाली, "आजी, आता तरी बसा." तेव्हा त्यांनी सांगितलं. महायुद्धानंतरच्या उपासमारीत बापाने आठ वर्षांच्या या पोरीला जमीनदाराच्या घरी ठेवलं आणि बदल्यात तांदूळ आणला. गरिबाच्या मुली अशा ठेवायची तिकडे जुनी रीतच होती. धन्याचं मूल दिवसभर पाठीला बांधलेलं. ते रडलं की त्याला घेऊन घराबाहेर व्हायचं, बर्फ पडत असला तरी. झोपेपर्यंत आत यायचं नाही.

"जड होतं हो," त्या म्हणाल्या. "माझ्याहून चांगलं जेवायचं ना!"

मग मला विचारलं, "तुला कोणी सांभाळलं?"

"गावाकडची एक मुलगी होती आमच्या घरी."

"नाव काय तिचं?"

मला सांगता येईना. आईला कधी विचारलंच नव्हतं.

"मुलाला कुठे माहीत असतं," म्हणून त्यांनीच मला सोडवलं. मी काही सुटलो नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना विसर पडू लागला. शेजारच्या घरातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी, मी ऑफिसातून येतोय तोच बायको म्हणाली, "अहो, आजी बाहेर उभ्या आहेत. अंगात स्वेटरसुद्धा नाही."

दार सताड उघडं. पायरीखाली त्या डुलत होत्या, ओठ निळे पडलेले. मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला.

"आत चला, आजी."

"अजून झोपलं नाही."

"झोपलं की. बघा."

त्यांनी हात मागे नेऊन चाचपलं. "नाही."

"मग द्या माझ्याकडे."

त्या दचकून मागे सरल्या. "धनी मारतील."

बायकोने ॲम्ब्युलन्सला फोन केला. वेळ लागेल म्हणाले. ओढून न्यायला माझे हात धजेनात. मी नुसता समोर उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं आणि जपानीत काही गुणगुणू लागल्या. शब्द कळले नाहीत, पण सूर अंगाईचा होता. मग माझ्या ध्यानात आलं. मी डोळे मिटून घेतले आणि झोपलेल्या मुलासारखा संथ श्वास घेऊ लागलो.

गाणं थांबलं. सपातांची फरफर थांबली. गेल्या एकदाच्या आत, असं वाटून मी हळूच डोळे उघडले.

त्या तिथेच होत्या, वाकून माझा चेहरा बघत. माझे डोळे उघडे दिसताच त्यांनी सुस्कारा सोडला, आणि पुन्हा डुलू लागल्या.