जिताड्यांच्या पिंजऱ्याला ठिगळ

माझं बूड भोकात होतं आणि ओहोटी मला बाहेर ओढत होती. दोन्ही हातांनी वरचा पाइप धरलेला, पाय जाळ्याबाहेर खाडीत, आणि आतले हातभर लांबीचे जिताडे मासे माझ्या पोटाला ढुश्या देत होते. त्यांना बाहेर जायचं होतं. मी वाटेत होते.

"हलू नको गो आक्का," होडीतून जाऊ ओरडली. "हललीस तर सगळे गेले."

जयगडच्या खाडीत आम्हा बायकांना मासे वाढवायला जाळ्याचा एक तरंगता पिंजरा दिला होता, शेजारी पुरुषांना दुसरा. संशोधन होतं. बायकांना काय जड जातं, पुरुषांना काय, ते बघायचं होतं. दीर पुरुषांच्या पिंजऱ्यावर. बायकांचे मासे सुटले की त्यांचा पिंजराही आम्हीच घेणार, असं त्याने वाडीभर सांगून ठेवलं होतं, आणि वाडीने मान डोलावली होती.

पिंजऱ्यावर चालायच्या फळ्या पुरुषाच्या ढांगेच्या मापाने ठोकलेल्या. माझी ढांग तेवढी नाही. पाय चुकला, मी आत पडले, टाचेने जाळं फाडलं आणि त्याच भोकात बसले.

नेमकी त्या दिवशी संशोधनवाली पोरगी होडीत होती. बिचारी घाबरली आणि सवयीने रोजचंच विचारून बसली, "आजी, तुम्हाला काम करताना काय अडचण येते?"

"माझं बूड भोकात आहे," मी म्हटलं. "हीच."

जाऊ फिसकन हसली. मग मीही. हसलं की मी सैल पडायचे आणि एखादा जिताडा लगेच कमरेपाशी तोंड खुपसायचा. हसायचं नाही म्हटलं की जास्त यायचं.

पलीकडून दीर म्हणाला, "वैनी, माशांबरोबर तुम्ही पण किलोवर विकल्या जाणार काय?"

"तुम्ही आपला पिंजरा बघा," जाऊ नवऱ्याला म्हणाली आणि जाळं शिवायची सुई दातात धरून पाण्यात उतरली.

भोक मोठं होतं, जाळ्याचा तुकडा जवळ नव्हता. तिने माझा काष्टा सोडला. मी इंच इंच आत सरकत गेले आणि ती मागून लुगड्याच्या घड्या भोकावर टाचत गेली. दोनदा सुई मला टोचली. ती म्हणाली, मासे असतील. शेवटी भोक बुजलं आणि लुगडं तिथेच राहिलं. मी वर आले ती नुसत्या चोळीवर.

पोरीने होडीला बांधलेला बॅनर सोडून मला गुंडाळला. दीर लांबून वाचायला लागला, "मत्स्यशेतीत स्त्री-पुरुष... पुढे काय?"

"समानता मागच्या बाजूला आहे," जाऊ म्हणाली. "बघायची तर फिरून या."

तो आला नाही. पोरगी इतकी हसली की होडी कलली.

पुढच्या आठवड्यात आमच्या पिंजऱ्यावर दोन फळ्यांच्या मधे एकेक फळी आली. आता दीरही आमच्याच पिंजऱ्यावरून चालतो, त्याचे गुडघे गेलेत. पिंजरा आमच्याकडेच आहे.

जिताडे त्या दिवशी वाचले आणि पुढे बाजारात गेले. त्या भोकापाशी होतो त्यांतल्या आता जिवंत आहोत त्या मी आणि जाऊ.