बापाची स्लाइड

घड्याळजींचं दुकान आणि मास्तरांचं घर यांच्यात एकच भिंत होती, तरी मास्तर माणूस कसा होता हे घड्याळजींना कधी धड कळलं नाही. कळलं ते एवढंच.

मास्तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मास्तर हे नाव पडलं ते शाळाशाळांतून थोर शास्त्रज्ञांची चरित्रं सांगत फिरण्यामुळे. सोबत जुना प्रोजेक्टर. भिंतीवर एकेक चेहरा उमटायचा आणि मास्तर तहानभूक विसरून बोलायचे. कोण उपाशी राहिला, कोणाला लोकांनी वेड्यात काढलं. एका शास्त्रज्ञाच्या बापाची स्लाइड आली की मात्र ते हात उंचावून सांगायचे. पोराला शिकायला मिळावं म्हणून तो बाप दारोदार टोपी काढून उभा राहिला होता.

मास्तरांच्या मुलीला पदार्थविज्ञान शिकायचं होतं. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं. पण गुण थोडक्यात कमी पडले. एका संध्याकाळी मास्तर छाती फुगवून दुकानात आले.

“प्राचार्यांनी स्वतः बोलावून विचारलं, घड्याळजी. म्हणाले, एक जागा माझ्या हातात आहे, तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा.”

“वा! मग तोंड गोड करा की आमचं.”

“छे! साफ सांगितलं, शास्त्रज्ञ वशिल्यानं घडत नसतात. तिच्यात धग असेल तर ती वाट काढील.”

मुलगी बापाला बोलवायला आली होती. दारातच थबकली.

“जेवायला चला, बाबा. निवतंय,” एवढंच म्हणाली.

जागा प्राचार्यांच्या भाच्याला गेली. मुलगी चष्म्याच्या दुकानात लागली आणि लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत राहिली. सुटीच्या दिवशी बापाचा प्रोजेक्टर तीच चालवायची.

“तेच तेच ऐकून कंटाळा नाही येत गं?” घड्याळजींनी एकदा विचारलं.

“ऐकतं कोण, काका? मी नुसता उजेड पाडते.”

मग बापाची स्लाइड दिसेनाशी झाली. मास्तर हात उंचावून “आणि तो बाप...” म्हणायचे, तर भिंतीवर कोरा पांढरा चौकोन. पोरं खिदळायची. मास्तर गडबडून पुढच्या चेहऱ्याकडे वळायचे.

“मीच काढून ठेवलीय ती,” घड्याळाचा पट्टा बदलायला आलेली मुलगी घड्याळजींना म्हणाली. “तो बाप आमच्या घरात बसत नाही.”

मास्तरांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. धाडस झालं नाही की काही उमगलंच नाही, कोण सांगणार?

मास्तर गेले त्याच्या आदल्या आठवड्यात ते प्रोजेक्टरच उचलून दुकानात आले. घड्याळजींनी तो उघडला, पुसला, पुन्हा जोडला.

“यंत्र ठणठणीत आहे, मास्तर.”

“मग तेवढीच स्लाइड कुठं जाते?”

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“जड आहे हो हे. एकट्यानं कशाला नेता? मुलीला हाक मारू?”

“नको, नको. तिला कशाला त्रास,” मास्तर म्हणाले. “बरं, येतो.”

“या.”